क्रूझ खरंच परवडते का? अंबाजोगाईच्या सरांना सविस्तर उत्तर

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मेव्हणे म्हणतात मुंबई-गोवा क्रूझ माणशी २० हजारात होते, तुम्हाला ते पटत नाही कारण क्रूझ म्हणजे पैसेवाल्यांचं काम असं आजवर ऐकलंय, आणि नेटवर बघितलं तर अमेरिकेतले लोक ३००-४०० डॉलरमध्ये चार दिवस जहाजावर राहून येतात, मग खरं काय? सोबत ६८ वर्षांची आई, मिसेस आणि नववीतली मुलगी. आईंना गाडी लागते, ही एक काळजी वेगळी.

मी २००९ पासून लातूरमध्ये टूर बुकिंगचं काम करते. सुरुवात तिरुपती, अष्टविनायक, काशीने झाली, क्रूझचं बुकिंग गेली सात-आठ वर्षं करतेय, आणि स्वतः पाच वेळा जाऊन आलेय. त्यामुळे जे सांगतेय ते हिशोबाच्या वहीतून सांगतेय असं समजा.

मेव्हणे बरोबर बोलतात. पण २० हजार हा आकडा कसा जमतो ते त्यांनी सांगितलेलं दिसत नाही, आणि सगळी गंमत तिथंच आहे. मागच्या फेब्रुवारीतलं एक बिल सांगते. तुमच्यासारखंच चौघांचं कुटुंब, दोन मोठे, एक कॉलेजातला मुलगा, एक आजी, मुंबई-गोवा-मुंबई दोन रात्री, आठवड्याच्या मधल्या दिवसांतली फेरी, आतली केबिन म्हणजे खिडकी नसलेली, चौघं एकाच केबिनमध्ये. पहिल्या दोघांचं भाडं १५,५०० प्रमाणे ३१,०००. तिसऱ्या-चौथ्याचं ९,००० प्रमाणे १८,०००. झाले ४९,०००. आता जाहिरातीत लोक इथपर्यंतच बघतात. त्यावर पोर्ट चार्ज, सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी मिळून १६,६०० लागले, म्हणजे जहाजाला एकूण ६५,६००. लातूरहून रेल्वेचं जाणं-येणं आणि मुंबईत आदल्या रात्रीचा मुक्काम धरून ९,०००. जहाजावर आणि गोव्यात उतरून केलेला खर्च ३,४००. टोटल ७८,०००, भागिले चार, माणशी १९,५००. भाडी रोज बदलतात, तुम्ही बुक कराल तेव्हा हेच आकडे राहतील असं अजिबात नाही, पण बिलाची रचना अशीच असते म्हणून पूर्ण फोड करून सांगितली.

आता हे स्वस्त आहे का? गोव्यात साध्या हॉटेलात उतरून, बाहेर थाळी खाऊन, हेच चौघं ४५-५० हजारात येऊ शकतात. म्हणजे काटकसरीच्या ट्रिपपेक्षा क्रूझ महागच आहे, हे मी कधी लपवत नाही. पण ज्यात नाश्ता, दोन वेळचं जेवण, स्विमिंग पूल, रात्रीचे कार्यक्रम सगळं आलं अशा चांगल्या रिसॉर्टशी तुलना केली तर तिथं चौघांचे ९० हजार सहज जातात, वर टॅक्सी वेगळी. लोकांना क्रूझ लाख-दीड लाख माणशी वाटत असते आणि निघते वीसात, त्यामुळे ऐकणारा चाट पडतो.

अमेरिकेतल्या आकड्यांचं असं आहे की ते खरे आहेत पण आपल्यासाठी नाहीत. मायामी किंवा टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदराच्या आसपास राहणारा माणूस स्वतःची गाडी काढतो, बंदरावर पार्क करतो आणि जहाजात बसतो. कॅरिबियनला इतकी जहाजं आहेत की एकमेकांत चढाओढ चालते आणि भाव पडतात. आपल्याला तिथं जायचं तर अमेरिकेचा व्हिसा आणि विमानाचं तिकीट, त्यातच क्रूझच्या कितीतरी पट पैसे गेले. म्हणून तिकडचे लेख वाचून तत्त्व घ्या, आकडे घेऊ नका.

तत्त्व काय तर, जहाज सुटलं की रिकाम्या केबिनची किंमत शून्य. आठवडी बाजारात संध्याकाळी मेथीच्या जुड्या उरल्या की मावशी दहाला तीन देऊन मोकळी होते ना, तसं. फरक इतकाच की मावशीला जुडी विकून जेवढे मिळाले तेवढेच, आणि जहाजवाल्याला माणूस एकदा आत आला की दारू, कॅसिनो, फोटो, वायफाय, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली यातून पुढचे पैसे मिळत राहतात. म्हणून ते भाडं कमी करून का होईना जहाज भरूनच नेतात. शिवाय कप्तान एक, इंजिन एक, स्वयंपाकघराची व्यवस्था एक, त्यात माणसं जितकी जास्त तितका माणशी खर्च कमी. आयकॉन ऑफ द सीज हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, ग्रॉस टनेज (जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप) जवळपास २ लाख ४८ हजार, पूर्ण भरलं तर ७,६०० प्रवासी. टायटॅनिक ४६ हजार टनेजची होती, म्हणजे हे तिच्या पाचपट. आपल्याकडं मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज चालतं २०२१ पासून, ते १९९० सालचं, आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडं होतं, साधारण टायटॅनिकएवढं, म्हणजे आजच्या हिशोबात लहानच. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला तेही डोळ्यांत मावत नाही.

स्वस्ताईमागची अजून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बहुतेक मोठी जहाजं बहामा, पनामा अशा देशांत नोंदलेली असतात, तिथं कर कमी. आणि काम करणारी पोरं फिलिपिन्स, इंडोनेशिया, भारतातली, सहा-नऊ महिन्यांच्या करारावर, आठवड्याची सुट्टी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार करार आहे २००६ चा, त्यात दिवसाला किमान १० तास आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती द्यायची असं आहे, म्हणजे उरलेले तास किती होतात तुम्हीच मोजा, तुम्ही तर गणिताचे सर. आपल्या भागातली हॉटेल मॅनेजमेंट केलेली कितीतरी पोरं या जहाजांवर आहेत. सिंगापूरच्या जहाजावर मला जालन्याचा पोरगा भेटला होता, माझं मराठी ऐकून ट्रे घेऊन उभाच राहिला, म्हणला ताई पाच महिन्यांनी कुणी मराठी बोललं. म्हणून परदेशी जहाजांवर जी ग्रॅच्युइटी, म्हणजे या काम करणाऱ्यांसाठीची टीप, बिलात लावतात, अमेरिकन कंपन्यांची दिवसाला माणशी १६ ते २० डॉलरच्या घरात असते, ती काउंटरवर जाऊन रद्द करून घ्या असा सल्ला देणारे व्हिडिओ फिरतात, तो कृपा करून ऐकू नका. ती पहिल्यापासून बजेटमध्ये धरा. ती धरूनही परवडत असेल तरच जायचं.

आता केबिन. तुम्ही म्हणाल समुद्र बघायला जायचं आणि खिडकीच नाही? मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. आतली केबिन म्हणजे साधारण दहा बाय तेरा-चौदाची खोली, खाली दोन बेड, वर भिंतीतून उघडणारे दोन बर्थ, छोटं बाथरूम. लाईट बंद केला की इतका मिट्ट काळोख की स्वतःचा हात दिसत नाही, सकाळी किती वाजले तेच कळत नाही, मी बाथरूमचा लाईट चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवते. पण खरं सांगते, तुम्ही त्या खोलीत झोपण्यापुरतेच जाता. समुद्र बघायला वरचा डेक आहे, तो सगळ्यांना सारखाच, बाल्कनीवाल्याला आणि आतल्या केबिनवाल्याला तोच सूर्यास्त. मुंबई-गोव्याच्या वाटेवर जहाज बराच वेळ रात्रीचं चालतं, बाल्कनीतून काळं पाणी आणि लांबचा एखादा दिवा, त्यासाठी जवळपास दुप्पट पैसे द्यायचे मला पटत नाही. नॉर्वे-अलास्काला जाल, जिथं दिवसभर दोन्ही बाजूंनी डोंगर आणि बर्फ आहे, तिथं बाल्कनी घ्या, अगदी कर्ज काढल्यासारखं वाटलं तरी घ्या.

चौघांच्या केबिनबद्दल मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नेटवर सगळे सांगतात शेवटच्या क्षणी बुक करा, स्वस्त मिळते. नवरा-बायको दोघंच असतील, तारखेचं बंधन नसेल, तर ते खरंय. चौघांसाठी उलटं आहे. वरचे दोन बर्थ असलेल्या केबिन मोजक्याच असतात आणि त्या सगळ्यात आधी जातात, शिवाय जहाजाच्या प्रत्येक भागात लाईफबोटीच्या हिशोबाने किती माणसं ठेवायची याची मर्यादा असते, त्यामुळे कधीकधी केबिन रिकामी दिसते पण चौथा माणूस सिस्टीम घेतच नाही. मग दोन केबिन घ्याव्या लागतात, आणि दुसऱ्या केबिनमधल्या दोघांना पूर्ण भाडं. तिसऱ्या-चौथ्याची सगळी सवलत गेली. म्हणून कुटुंबाने तीन-चार महिने आधी बुक करायचं. तसंच एकट्या माणसाने क्रूझ घेतली तर बऱ्याचदा दोघांचं भाडं एकट्यालाच भरावं लागतं, भाव दोघांत एक केबिन धरून लावलेला असतो. माझ्याकडे रिटायर्ड बाई येतात एकट्या, त्यांना मी आधी एखादी मैत्रीण शोधायला लावते.

तारखा. तुम्ही शिक्षक, त्यामुळं दिवाळी आणि मे हेच डोक्यात येणार, आणि नेमके तेच सगळ्यात महाग. नाताळ-थर्टी फर्स्ट तर विचारूच नका. पावसाळ्यात मुंबईची फेरी जवळपास बंदच असते. माझं म्हणणं ऐका, जानेवारीच्या दहा तारखेनंतर ते फेब्रुवारी अखेर हा काळ धरा, समुद्र शांत, हवा छान, गर्दी कमी. शुक्रवार-रविवारची फेरी घेऊ नका, मुंबई-पुण्याची ऑफिसवाली मंडळी तेव्हा जातात, सोम-मंगळ-बुध घ्या, दोन-तीन सीएल (किरकोळ रजा) टाका. मुलीचं नववीचं वर्ष आहे, चार दिवस शाळा बुडाली तर आभाळ कोसळत नाही, दहावीत मात्र हे जमणार नाही, म्हणून जायचं तर याच वर्षी. दिवाळीतच जायचं असेल तर पाडवा-भाऊबीज होऊ द्या आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात बघा, शाळांना सुट्टी असते आणि भाव थोडा उतरलेला असतो.

मुंबईला आदल्या दिवशी पोचा. हे मी विनंती म्हणून नाही, अट म्हणून सांगते, आणि माझ्याकडे ही अट का आली ते ऐका. परभणीचं एक कुटुंब होतं, सहा जण, वडिलांच्या साठीनिमित्त निघालेले. कागदावर सगळं बरोबर होतं, रात्रीची गाडी सकाळी मुंबईत, बोर्डिंग दुपारी बारापासून, चारला गेट बंद. त्या रात्री पुढं मालगाडीचं इंजिन बंद पडलं, गाडी कसाऱ्याच्या अलीकडं अडकली, तासावर तास जात राहिले. मला फोन वर फोन. मी बंदरावरच्या माणसाला विनवण्या करत होते. ते पोचले चार वाजून चाळीस मिनिटांनी. जहाज समोर उभं, शिडी काढून घेतलेली, डेकवर लोक हात हलवतायत, आणि हे सहा जण बॅगा घेऊन फाटकाच्या अलीकडं. जहाज कुणासाठी थांबत नाही, आणि वेळेत न पोचलेल्याला एक रुपया परत मिळत नाही. त्या काकांनी मला एका शब्दानं बोलले नाहीत, तेच मला जास्त लागलं. गाडी मी निवडून दिली होती. तेव्हापासून आदल्या दिवशी मुंबईत नसेल त्याचं बुकिंग मी करत नाही. तुम्ही अंबाजोगाईहून लातूरला येऊन लातूर-मुंबई गाडी घ्या, ती सीएसएमटीलाच उतरवते. तिथून बॅलार्ड इस्टेट, जिथून क्रूझ सुटते, टॅक्सीने दहा मिनिटांवर, आईंना चालायची दगदग नाही. डोंबिवली-कल्याणला कुणी नातेवाईक असतीलच, रात्र तिथं काढा, तेवढाच खर्च वाचतो.

जहाजावर पैसे कुठं जातात ते आता. चढल्यावर तुम्हाला एक कार्ड देतात, खोलीची चावीही तेच आणि पाकीटही तेच, त्यात तुमचं क्रेडिट-डेबिट कार्ड जोडलेलं किंवा रोख डिपॉझिट भरलेलं. रोख नोट हातातून जात नाही त्यामुळं खर्च कळतच नाही. माझ्या पहिल्या सिंगापूर ट्रिपला शेवटच्या रात्री दाराखालून बिल सरकवलं होतं, वायफाय, तीन फोटो, दोन सरबतं आणि एक स्पेशल रेस्टॉरंट, भाड्याच्या जवळजवळ निम्मं. आता मी रोज रात्री झोपायच्या आधी टीव्हीवर किंवा ॲपवर खातं बघते, तुम्हीही बघा. फुकट काय तर बुफेतला नाश्ता, जेवण, चहा-कॉफी, साधं पाणी, शो, पूल, जिम, मुलांचे खेळ. पैसे कशाला तर कोल्ड्रिंक, दारू, खोलीत ठेवलेली बाटली, स्पेशल रेस्टॉरंट, फोटो, इंटरनेट. पाण्याची बाटली घरून रिकामी न्या आणि बुफेत भरा. एवढं पाळलं की दोन रात्रींत हजार रुपयेसुद्धा लागत नाहीत, आणि मला तर वाटतं क्रूझ परवडणं न परवडणं हे निम्मं इथं ठरतं.

फोन जहाजात चढला की एअरप्लेन मोडवर टाका. किनारा सुटला की फोन जहाजाचं सॅटेलाईटवालं नेटवर्क पकडतो, त्याला तुमचा नेहमीचा रिचार्ज चालत नाही, आणि पोस्टपेड असेल तर पुढच्या महिन्यात असं बिल येतं की ट्रिपचा आनंद विसरायला होतो. आईंना आणि मुलीला आधीच नीट सांगून ठेवा.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. मुंबईच्या जहाजावर शाकाहारी, जैन सगळं मिळतं, पोळी-भाजी-वरण-भात रोज. सिंगापूरहून जाणाऱ्या गेंटिंग ड्रीमवर पण भारतीय जेवण मिळतं, आपले लोक खूप असतात तिथं. घरचं शिजवलेलं मात्र नेऊ देत नाहीत. एका आजींनी पहाटे उठून चाळीस धपाटे केले होते, फडक्यात बांधून, सोबत शेंगदाण्याची चटणी, स्कॅनरवर ते बाहेर काढायला लावले. आजी त्या पोराला म्हणाल्या, लेकरा टाकून देऊ नको, तू खा. म्हणून धपाटे मुंबईच्या रात्रीपर्यंतच संपवा. पॅकबंद बिस्किट-फरसाण सहसा चालतं. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत टाकू नका, आगीच्या भीतीने काढून घेतात.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं, वास्कोजवळ. तिथून कलंगुट करायला गेलात तर बराच वेळ टॅक्सीतच जातो. आई सोबत आहेत तर बाहेर पडून दोन कुटुंबांनी मिळून एक टॅक्सी ठरवा, मंगेशी-शांतादुर्गा करा, बोगमाळोच्या किनाऱ्यावर तासभर बसा आणि परत या. जहाजाची सहल घेण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं, फक्त परत चढायच्या वेळेच्या दीड तास आधी बंदरावर असा.

आईंना गाडी लागते म्हणालात. केबिन मागताना जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर मागा, झोका तिथं सगळ्यात कमी, आणि योगायोग असा की स्वस्त केबिनही तिथंच असतात. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, डोलणं बरंच कमी होतं. जानेवारी-फेब्रुवारीत अरबी समुद्र शांत असतो. उलटीची गोळी मात्र त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसोबत कुठली चालते ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि ती त्रास सुरू झाल्यावर नाही, आधी घ्यायची असते. लिफ्टच्या जवळची केबिन मागा, हे कॉरिडॉर फार लांब असतात. आईंना खालचा बेड, वरच्या बर्थवर तुम्ही आणि मुलगी. चढल्यावर सुरक्षेची कवायत असते, ती कंटाळा करून टाळू नका, २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डियाला अपघात झाला, ३२ माणसं गेली, तेव्हा बऱ्याच जणांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम झाला की जहाज निघायच्या आधी किंवा निघताच लगेच ती झालीच पाहिजे. आईंना लाईफ जॅकेट कुठंय, आपली जमायची जागा कुठली, हे प्रत्यक्ष चालून दाखवा.

एक गोष्ट विषय सोडून आहे पण सांगते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं ते तुम्हाला आठवत असेलच. आमच्या घरात तेव्हा भांडी घासलेलं पाणी संडासला, आणि अंघोळीचं झाडाला. माझे सासरे रात्री दोनला उठून टँकरच्या रांगेत उभे राहायचे. त्यांना मी नंतर क्रूझला नेलं, वय ७३. पहिल्या संध्याकाळी बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ आले नाहीत, बघितलं तर नळ सोडत होते, बंद करत होते, सोडत होते. मला म्हणाले, "एवढ्या हजार-दीड हजार माणसाला अंघोळीला पाणी कुठून आणूलालेत ओ?" मी केबिनवाल्या पोराला विचारलं, त्याने सांगितलं समुद्राचंच पाणी, जहाजातच यंत्राने खारटपणा काढून गोडं करतात, बंदरात थोडंफार भरतात पण बरंचसं रोज इथंच तयार होतं. सासरे काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर डेकवर गेले, कठड्याला धरून खाली बघत उभे राहिले, अर्धा-पाऊण तास. थंडी वाजेल म्हणून शाल द्यायला गेले तर म्हणाले, थांब जरा. दोन रात्रींत त्यांनी अंघोळ मात्र अर्ध्या बादलीएवढ्या पाण्यातच केली.

पुढं कधी परदेशी क्रूझचा विचार केलात तर सिंगापूरपासून करा, खरा फायदा तिथं आहे. सिंगापूरला चौघांना हॉटेलच्या दोन खोल्या लागतात, बऱ्यापैकी हॉटेल रात्रीचं खोलीला बारा हजार धरा, तीन रात्रींचे ७२ हजार, जेवण माणशी दिवसाला अडीच हजार धरलं तर तीस हजार, झाले लाखावर. त्याच तीन रात्री जहाजावर, चौघं एका केबिनमध्ये, पोर्ट चार्ज आणि ग्रॅच्युइटीसह मला ९५ हजार ते १ लाख १० हजारात बसवता आलंय, वर पेनांग किंवा फुकेट बघून होतं. म्हणजे हॉटेलचे पैसे वाचले त्यात जहाज झालं. विमान दोन्हीकडं लागतंच, लातूर-उदगीर-नांदेडवाल्यांना हैदराबादहून सोयीचं पडतं. व्हिसा मात्र मल्टिपल एंट्रीचा आहे का नीट बघा, कारण जहाज देशाबाहेर जाऊन परत येतं तेव्हा तुम्ही दुसऱ्यांदा सिंगापूरमध्ये शिरत असता. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतात, तो खर्च नाही, तुमच्या नावावर आयकर खात्यात जमा दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, पण तेवढी रक्कम आधी हातात लागते म्हणून सांगितलं.

आणि फोन आला की तुम्हाला क्रूझ फुकट लागलीय, जोडीनं अमुक हॉटेलात या, तर जाऊ नका. माझ्या ओळखीच्या एका जोडप्यानं असल्याच कार्यक्रमात सव्वा लाख भरून मेंबरशिप घेतली, तीन तास बसवून ठेवलं, चहा-नाश्ता, टाळ्या, शेवटी सही. नंतर जी तारीख मागावी ती फुल, पोर्ट चार्ज वेगळा, टॅक्स वेगळा. दोन वर्षं झाली, अजून समुद्र बघितला नाही. पैसे भरताना जहाजाचं नाव, फेरीची तारीख, केबिनचा प्रकार आणि सगळे चार्ज धरून शेवटची रक्कम हे चार लेखी असल्याशिवाय कुणालाच देऊ नका, मलाही नाही. रद्द केलं तर किती दिवस आधी किती कापतात तोही तक्ता मागून घ्या, तारीख जवळ येईल तसं ते झपाट्यानं वाढतं.

मुंबई-गोव्याला पासपोर्ट लागत नाही, आधार चालतं. फक्त एक काम आजच करा, चौघांचे आधार टेबलावर ठेवून नावं वाचा. आपल्याकडं आईंच्या आधारवर हमखास माहेरचं नाव किंवा वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं असतं, आणि बुकिंग आपण बोलतो त्या नावानं करतो. आधारवर जसं आहे अगदी तसंच नाव तिकिटावर टाकायचं. काही दुरुस्ती करायची असेल तर आत्ताच करून घ्या, जानेवारीला अजून वेळ आहे.